भिंतीवरची काशाची वाटी

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? आधीच सांगते. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या घरात, माझ्या सासूच्या बाबतीत घडलेली आहे.

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर हसा. फक्त घराचा पत्ता विचारू नका. असल्या गोष्टी वाचून पोरं मोबाईल घेऊन व्हिडिओ करायला येतात. आम्हाला अजून तिथंच राहायचं आहे.

दोन वर्षांपूर्वीची सर्वपित्री अमावास्या. दिवेलागणीची वेळ. जोयडा तालुक्यातलं रामनगर, आणि त्याच्या बाहेरचं, प्लॉट पाडून केलेलं नवं लेआउट.

मी सुमंगला. रामनगरच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान आहे. नवरा नागेश बेळगाव-गोवा रस्त्यावर मालाचा टेम्पो चालवतो. पैसे साठवून, कर्ज काढून आम्ही लेआउटमध्ये घर बांधलं. आमच्या ओळीतली सगळी घरं देखणी. रंग लावलेली, वर पाण्याची टाकी, पुढं तुळस, गेटवर नाव.

नाहीत ती फक्त माणसं.

मालक कोण मडगावला, कोण बेळगावला, कोण दुबईला. चतुर्थीला येतात, गणपती बसवतात, फटाके उडवतात आणि गणपती पोचवून कुलूप लावून जातात. मग वर्षभर... शांतता.

मला ती शांतता आवडायची. बाजारात दिवसभर ट्रकांचे हॉर्न ऐकून कान किटतात, घरी आलं की बरं वाटायचं. पण मी दिवसभर घरात असायचे कुठं?

घरात असायची ती आत्ती. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. तिचं नाव रुक्मा. जन्म सगळा कुंभारवाड्याच्या पलीकडच्या एका वाडीत गेला. वाडी म्हणजे रानात विखुरलेली घरं आणि मधे भाताची खाचरं. सासरे, परशूमामा, वारले तशी ती तिथं एकटी पडली. त्या अमावास्येच्या आदल्या वर्षी पावसात तापानं फणफणली, रस्ता बंद, बस नाही. शेजारच्यांनी पेज पाजली म्हणून वाचली. पाय तेव्हापासून ओढत चालायची. पाऊस उघडल्यावर नागेशनं तिला टेम्पोत घालून इकडं आणलं.

आता गंमत बघा. वाडी रानात, पण तिथं दिवसभर माणसाचा आवाज. एकीनं अंगणातून हाक मारायची, दुसरीनं बांधावरून ओ द्यायची. इकडं लेआउटमध्ये भिंतीला भिंत, पण ओ देणारं कोणी नाही. पहिले काही दिवस आत्ती परसात उभी राहून सवयीनं हाका मारायची, "जेवलीस काय ग?"

कोण बोलणार?

"हितं काय ग हे, सुमंगल? इतकी घरं, आन येक मानूस खोकत पन न्हाई," ती म्हणायची. "मसणात तरी कावळं ओरडत्यात."

हळूहळू तिनं हाका मारणं सोडलं. मग जेवण सोडलं. मी ताट झाकून जायचे आणि संध्याकाळी ते तसंच असायचं. गालाची हाडं वर आली. एक दिवस तिनं नागेशला सांगून टाकलं, "दसरा झाला की मला वाडीला सोड. न्हाई सोडलास तर मी चालत जानार हाय."

आणि गेली असती हो. मी ओळखते तिला.

तिला वाडीवर एकटीला सोडायचं म्हणजे पुढच्या पावसात खांदा द्यायला जायचं. आणि इथं ठेवायचं तर ती अशी वाळत चाललेली. रात्री आम्ही दोघं याच्यावरच बोलायचो. सासू-सुनेचं वाकडं असतं म्हणतात. माझं नव्हतं. मला ती हवी होती.

अशातच पितृपंधरवड्यात एका संध्याकाळी मी दुकान बंद करून आले, तर आत्ती पदर खोचून ओट्यापाशी उभी. ताट धुतलेलं. तोंडावर तजेला.

"जेवलात?" मी विचारलं.

"जेवलो म्हन की. शेजारनीनं कणगीची कंदं दिली उकडून. वाडीच्यागत."

ओट्यावर एक वाटी होती. काशाची, जुनी, काठाला पोचा आलेली. आमची नव्हती.

"कुठली शेजारीण?"

"ही की, पलीकडली. भिंतीवर ठेवली वाटी आन गेली."

आमच्या परसाला लागून दत्ताभाऊंचं घर आहे. दत्तात्रय, मडगावला नोकरीला असतात. मधे कंपाउंडची भिंत. चतुर्थीला ते बायको-पोरं घेऊन आले होते. त्यांच्यापैकी कुणीतरी मागं राहिलं असेल, असं मी समजले. खरं सांगायचं तर मी जास्त विचारच केला नाही. आत्ती जेवली, बस्स. देव पावला.

आमच्याकडं एक रीत आहे. तुमच्याकडंही असेल, पण वाडीवरची माणसं ती जिवापाड पाळतात. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. काही नसलं तर गुळाचा खडा, नाही तर चिमूटभर तांदूळ तरी. रिकामं भांडं पाठवलं याचा अर्थ शेजार तुटला.

दुसरी कोणी असती तर भिंतीवरची वाटी बघून आधी म्हणाली असती, कुणाची ही?

आत्तीनं ती घासली, पोहे-गूळ घातला आणि भिंतीवर ठेवून आली.

झालं. दुसऱ्या दिवशी वाटी पुन्हा भरून आली.

मग हे रोजचंच सुरू झालं. तिकडून कधी पेज, कधी कुळथाचं कळण, कधी रानातली भाजी. इकडून आत्ती आंबोळी देणार, केळी देणार, एकदा तर माझं वर्षाचं आंब्याचं लोणचं दिलं. आत्ती पुन्हा बोलायला लागली, परसातून तिचा आवाज यायला लागला. वाडीला सोड म्हणणं बंद झालं. मी नागेशला म्हटलं, त्या शेजारणीला दसऱ्याला एक साडी घेऊ.

एकदा संध्याकाळी मी वाटीतलं कळण चाखलं.

अळणी. मिठाचा कणही नाही.

"आत्ती, शेजारीण मीठ विसरली की."

"रोजच आसतंय तसं. बीपी आसंल बाईला." आणि ती हसली. "सवय झाली आता. मला बी मीठ नगंच वाटतंय."

मी पण हसले. पण त्या दिवसापासून आत्ती माझ्या हातचंही अळणी मागायला लागली.

"दिसायला कशी आहे हो?" मी विचारलं होतं.

"मला कुठं दिसती? भिंत उंच, मी बुटकी. हातच दिसतो. गोंदलेला हाय, आमच्यागत."

"नाव काय?"

"न्हाई सांगितलं. मीच बोलतो, ती आयकती." मग म्हणाली, "काल मातर बोलली. घर मोठं हाय, येकटीला खायला उठतंय म्हनाली. ये ऱ्हायला, म्हनाली."

मला तेव्हा काहीच वाटलं नाही. म्हाताऱ्या बायका असंच बोलतात.

अमावास्येची सकाळ. दसरा तोंडावर, दुकानात ब्लाउजांचा ढीग, मी घाईत. आत्ती वाटी हातात घेऊन स्वैपाकघरात उभी. वाटी धुतलेली, आदल्या दिवशी तिकडून आलेली. म्हणजे आता द्यायची पाळी आमची.

"आज काय देऊ ग तिला? घरात कायबी न्हाई."

"संध्याकाळी करू काहीतरी."

"तवर रिकामी कशी ठिवू? मग मीच जाऊन बसू काय तिच्याकडं?"

"जावा की," मी स्कूटरची चावी शोधत म्हटलं, "माणूस आलं म्हणजे वाटी भरल्यासारखीच."

निघताना वाटलं, शेजारणीला एकदा भेटून जावं. एवढं रोजचं देणं-घेणं, आणि मी तिचं तोंडही बघितलेलं नाही. स्कूटर दत्ताभाऊंच्या गेटपुढं थांबवली.

गेटला कुलूप होतं.

वाटलं, मागच्या बाजूनं ये-जा असेल. पण त्या घराला मागून वाट नाही, भिंतच आहे. मी गेटवरून वाकून बघितलं. चतुर्थीचं आंब्याचं तोरण दारावर वाळून करपलं होतं. दारालाही कुलूप. पायरीवर पालापाचोळा साठलेला. त्यावर एक पाऊल उमटलेलं नाही. विजेच्या मीटरचा लाल दिवासुद्धा बंद.

आणि तेव्हा लक्षात आलं... इतक्या दिवसांत त्या घरात मी एकदाही उजेड बघितला नव्हता. नळाचा आवाज नाही. फोडणीचा वास नाही.

मग ती पेज कुठं शिजत होती?

दुकानात गेले. मशीनवर बसले, पण हात चालेना. दत्ताभाऊंना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. दुपार कलल्यावर त्यांचाच फोन आला.

"दत्ताभाऊ, तुमच्या घरात कोण राहायला आलंय?"

"कोणी नाही, वहिनी. चावी माझ्याकडं आहे. लाईटसुद्धा मेनमधून काढून आलोय. का?"

मी काय सांगणार? म्हटलं, "कोणीतरी म्हातारी बाई आहे असं वाटलं."



मग ते म्हणाले, "वहिनी, ते घर मी आईसाठी बांधलं. येसू तिचं नाव. आमच्या जुन्या घरी शेजार-पाजार भरपूर, इथं तिला करमायचं नाही म्हणून ती काळजीत होती. स्वैपाकघराची खिडकी तिनंच तुमच्या बाजूला घ्यायला लावली. शेजारीण दिसली पाहिजे म्हणायची. घरभरणीच्या आधीच गेली. एक दिवस राहिली नाही त्या घरात."

काही बोलायचं म्हणून मी विचारलं, "आजारी होत्या?"

"किडनी. शेवटी शेवटी डॉक्टरनं मीठ पूर्ण बंद केलेलं. त्याच्यावरून रोज भांडायची माझ्याशी. यंदा इकडं फ्लॅटवरच तिच्या नावानं पान ठेवलं. कावळा फिरकलाच नाही."

मी तशीच उठले. दुकानाचं शटर ओढलं की नाही, मला आठवत नाही.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. दार नुसतं लोटलेलं.

"आत्ती..."

ओ नाही.

स्वैपाकघरात ताट झाकलेलं, तसंच. तुळशीपुढं दिवा नाही. आत्तीच्या खोलीत खाट रिकामी. खुंटीवर लुगडं नाही. वाडीवरून आणलेलं तिचं बोचकं कोपऱ्यात असायचं, तेही नाही.

फळीवर सकाळची वाटी नाही.

"आत्ती..."

सगळ्या लेआउटमध्ये माझा एकटीचा आवाज. तेव्हा मला कळलं, ती परसात उभी राहून हाका मारायची तेव्हा तिला कसं वाटत असेल.

मी परसात धावले.

भिंतीवर... वाटी होती.

भरलेली. काठोकाठ पेज. वर वाफ.

मी बघतच राहिले. सकाळी वाटी आमच्याकडं होती. द्यायची पाळी आमची होती. घरात द्यायला काही नव्हतं. तरीही तिकडून वाटी भरून आली होती. म्हणजे आमच्याकडून त्या घरात काहीतरी गेलं होतं. आणि त्याची ही परतफेड होती.

मीच म्हणाले होते, माणूस आलं म्हणजे वाटी भरल्यासारखीच.

तेवढ्यात पलीकडून... हसणं ऐकू आलं. आत्तीचं. वाडीवर बायका एकत्र बसल्या की हसतात तसं, मोकळं. मधे ती थांबायची. कोणाचं तरी ऐकायची. पुन्हा हसायची.

ज्याचं ती ऐकत होती, त्याचा आवाज मला येत नव्हता.

देव आठवेनात, मंत्र तर मला येतच नाहीत. आठवली ती फक्त वाडीची रीत.

मी वाटी उचलली. हाताला चटका बसला. पेज तिथंच मातीत ओतली. वाटी पदरानं पुसली आणि रिकामी, पालथी, भिंतीवर ठेवली.

"येसूआत्ती," मी म्हटलं, "ही तुमची वाटी. रिकामी देते. आमचं माणूस आम्हाला परत द्या. देणं-घेणं संपलं."

हसणं थांबलं.

किडेसुद्धा थांबले.

मी धुण्याच्या दगडावर चढून पलीकडं बघितलं. दत्ताभाऊंच्या मागच्या पायरीवर आत्ती बसली होती, बोचकं मांडीवर घेऊन. पाय ओढत चालणारी बाई. भिंत तिच्या डोक्यापेक्षा उंच. गेटला कुलूप. ती तिकडं कशी गेली, मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तिच्या पाठीमागं स्वैपाकघराचं दार उघडं होतं. आत काळोख.

"आत्ती, इकडं या. माझ्याकडं बघा."

तिनं मान वळवली. माझ्याकडं नाही, दाराकडं. कुणाची तरी परवानगी मागावी तसं. मग सावकाश उठली. ती दोन पावलं इकडं आली, आणि मागचं दार... हळूच लागलं. आपण पाहुणा गेल्यावर लावतो तसं.

नागेशचा टेम्पो आला तेव्हा मी दगडावर उभी राहून आत्तीचा हात वरून धरून ठेवला होता. त्यानं लोखंडी पहार घालून गेटचं कुलूप तोडलं आणि आईला उचलून आणलं. बर्फासारखं गार अंग. मागून येताना त्यानं ते दार ढकलून बघितलं.

आतून कडी होती.

आत्ती रात्रभर माझ्याशी बोलली नाही. पहाटे म्हणाली, "रिकामी वाटी कशाला ठिवलीस ग? रडली ती."

दत्ताभाऊ दुसऱ्या दिवशी आले. आम्ही सगळे त्यांच्याबरोबर आत गेलो. धूळ, कोळ्यांची जाळी, भिंतीवर हार घातलेला येसूबाईंचा फोटो. फोटोत हात दिसत होते. गोंदलेले.

स्वैपाकघराच्या ओट्यावर आमचं लोणचं होतं. केळीच्या पानाच्या तुकड्यावर, हात न लावलेलं. आत्तीनं दिलेलं बाकी काही नव्हतं. पोहे, गूळ, आंबोळ्या, सगळं संपलेलं. मिठातलं लोणचं तेवढं तसंच.

दत्ताभाऊ खाली बसून लहान पोरासारखे रडले. काशाची वाटी त्यांनी ओळखली. आईनं जुन्या घरातून या घरासाठी बाजूला काढून ठेवली होती म्हणे. त्यांनी ती फोटोपुढं ठेवली, पूजा केली आणि जाताना घराची चावी माझ्या हातात दिली. "वहिनी, जमेल तेव्हा दिवा लावा."

मी ती चावी नदीत टाकणार होते. नागेश म्हणाला, आईला वाडीलाच सोडू, इथं नको.

आत्तीनं ऐकलं आणि म्हणाली, "मी कशाला जाऊ? आता शेजार हाय की मला."

तर आत्ती राहिली. मला हवं होतं तेच झालं. दोन पावसाळे गेले, अंगानं भरली आहे, वाडीचं नाव काढत नाही. मी दुपारी दुकान बंद करून घरी येते, आम्ही दोघी बरोबर जेवतो. तिला एकटं पडू द्यायचं नाही, हे मी ठरवून टाकलं आहे. दिवेलागणीला ती चावी घेऊन तिकडं जाते, दिवा लावते. ती येईपर्यंत मी गेटवर उभी राहून मोठमोठ्यानं काहीबाही बडबडत असते, म्हणजे तिला परत यायची वाट ऐकू यावी. आजवर प्रत्येक वेळी ती परत आली आहे.

आमटीत मीठ घालायच्या आधी आत्ती एक पळी बाजूला काढते. मी बघते आणि बघितलं नाही असं करते.

पण एक विचार मला झोपू देत नाही. आत्तीचं वय झालंय. पोर काही आमच्या नशिबात आलं नाही. नागेश रस्त्यावर असतो. लेआउटमध्ये अजून कोणी राहायला आलेलं नाही, येतील असं वाटतही नाही. एक दिवस या घरात मी एकटीच असेन, आणि भिंतीवर वाटी येईल.

एकदा मी ती रिकामी परत दिली. ती रडली, हे मला माहीत आहे. दुसऱ्यांदा माझ्यानं ते होणार नाही.